पॅटनचे बेडूकडोळे

नगरला पाहुणे आले की त्यांना फिरवण्याचा एक ठरलेला फेरा असतो: भुईकोट किल्ला, चाँदबीबीचा महाल (जो मुळात सलाबतखानाची कबर आहे, पण नगरमध्ये हे बोलून उपयोग नाही) आणि लष्कराचं रणगाडा संग्रहालय. संग्रहालयात जगभरचे म्हातारे रणगाडे रांगेने उभे आहेत. पॅटन हा अमेरिकी बनावटीचा रणगाडा आला की लोक त्याच्या तोफेखाली उभे राहून फोटो काढतात. मी पाहुण्यांना जरा बाजूला नेतो आणि बुरुजाच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाच्या, दोन्ही अंगांना, माणसाला जिथे कान असतात तिथे, दोन फुगवटे दाखवतो. बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले.

१९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानचे पॅटन पंजाबात घुसले, तेव्हा या फुगवट्यांत जे यंत्र होतं तसं भारताच्या एकाही रणगाड्यात नव्हतं. पॅटनचं इंजिन जास्त ताकदीचं, वेग जास्त. तरीही असल उत्तर नावाच्या एका खेड्याभोवती तीन दिवसांत, भारतीय गणतीप्रमाणे, पाकिस्तानचे ९७ रणगाडे निकामी झाले किंवा सोडून दिले गेले, आणि त्यांत बहुसंख्य पॅटन होते. पुढे भिखीविंडजवळ ते ओळीने उभे केले, त्या जागेला लोक ‘पॅटन नगर’ म्हणू लागले.

यावर ‘शेवटी यंत्र नव्हे, यंत्रामागचा माणूस महत्त्वाचा’ असं म्हणून मोकळं होता येतं. वाक्य खरं आहे, पण त्यातून कळत काहीच नाही. यंत्रामागचा माणूस म्हणजे नेमकं काय? धाडस? ते तर पलीकडच्या बाजूलाही होतंच. म्हणून आधी त्या बेडूकडोळ्यांपासून सुरुवात करू.

एक किलोमीटरवरचा नेम

तोफेतून सुटलेला गोळा सरळ रेषेत जात नाही. नळीबाहेर पडल्या क्षणापासून तो खाली पडत असतो, हातातून सुटलेल्या चेंडूसारखाच. फक्त पुढे इतक्या वेगाने धावत असतो की पडायला त्याला वेळ कमी मिळतो. सेकंदाला साधारण ९१५ मीटर वेगाने निघालेला गोळा (पॅटनच्या ९० मिलिमीटर तोफेचा चिलखतभेदी गोळा याच घरातला) एक किलोमीटर जायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात सुमारे सहा मीटर खाली येतो. दुमजली घराएवढा. म्हणून नळी त्या हिशेबाने वर उचलून मारावं लागतं.

किती उचलायची, हे अंतरावर ठरतं. आता समजा शत्रूचा रणगाडा १००० मीटरवर आहे आणि तुम्हाला तो १२०० मीटरवर वाटला. नळी गरजेपेक्षा जास्त उचलली जाईल आणि गोळा सव्वा मीटरभर वरून जाईल. रणगाड्याची उंची तीन मीटरच्या आसपास. तो उघड्यावर असेल आणि नेम मधोमध असेल तर कसाबसा वरच्या कडेला लागेल. पण तो बांधाआड उभा असेल, नुसता बुरूज डोकावत असेल, तर गोळा डोक्यावरून गेला. मग धूळ बसेपर्यंत थांबा, पुन्हा अंदाज करा, पुन्हा भरा. एव्हाना समोरच्याचा गोळा तुमच्याकडे निघालेला असतो.

सपाट मुलखात, उन्हात, धुरात २०० मीटरची चूक ही काही मोठी चूक नाही. आपल्यापैकी कुणाला समोरच्या शेतापलीकडचं झाड किती मीटरवर आहे ते विचारा, उत्तरं ऐकण्यासारखी येतील.

या अडचणीवर पॅटनचं उत्तर होतं ते बेडूकडोळे. एक बोट नाकासमोर धरा आणि डावा, उजवा असे डोळे आळीपाळीने मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारतं. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. आपल्या डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचंच अंतर असल्याने हे गणित लांबवर चालत नाही. पॅटनने ते ‘डोळे’ बुरुजाच्या दोन टोकांना, दीड मीटरच्या आसपास दूर नेऊन बसवले. आतला माणूस दोन भिंगांना डोळे लावतो. त्याला समोरचं दृश्य खोलीसकट दिसतं आणि त्या दृश्यात काही खुणा हवेत टांगल्यासारख्या तरंगतात. एक चक्री फिरवली की खुणा जवळ येतात किंवा लांब जातात. त्या बरोबर शत्रूच्या रणगाड्याइतक्याच लांब टांगल्यासारख्या दिसल्या की अंतर मिळालं. ते पुढे गणकयंत्राकडे जातं आणि नळी किती उचलायची ते यंत्रच ठरवतं.

कागदावर फार सुंदर. अडचण अशी की ‘इतक्याच लांब दिसल्या’ हे ठरवणारा यंत्राचा भाग म्हणजे माणसाचा मेंदू. काही लोकांना अशी खोली नीट दिसतच नाही. ज्यांना दिसते त्यांनाही ती भिंगातून झटकन ओळखायला महिनोन्‌महिने सराव लागतो, आणि सराव सुटला की हात उतरतो. थकलेल्या, घाबरलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे सर्वांत आधी दगा देतात. सरावलेल्या तुकडीच्या हातात हे यंत्र अचूक होतं, बाकीच्यांच्या हातात एक महागडी दुर्बीण. खुद्द अमेरिकेने पॅटनच्या पुढच्या आवृत्त्यांत आणि नंतरच्या एम-६० मध्ये ही पद्धत सोडली आणि दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवण्याची सोपी पद्धत आणली, यातच काय ते आलं.

भारताकडच्या ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियनमध्ये असं काही नव्हतं. अंतर नजरेने ठरवायचं, मारायचं, गोळा कुठे पडला ते बघायचं, दुरुस्त करून पुन्हा मारायचं. पण त्याच्या २० पौंडी तोफेसाठी एक खास गोळा होता: आत बारीक, जड सुळका आणि त्याभोवती हलकं वेष्टन. नळीबाहेर पडलं की वेष्टन गळून पडतं आणि सुळका सेकंदाला साडेचौदाशे मीटरच्या वर वेगाने जातो. किलोमीटर जाईपर्यंत तो अडीच मीटरसुद्धा पडत नाही. वरचीच २०० मीटरची चूक इथे केली तर गोळा अर्धा मीटर वर जातो, म्हणजे बहुतेक वेळा लागतोच. चूक होऊच नये अशी सोय पॅटनमध्ये होती, ती वापरता येणारा माणूस मात्र हवा होता. सेंच्युरियनने माणूस चुकणार हे धरूनच चाललं होतं.

उसात

आता खरं सांगायचं तर असल उत्तरला हे सगळं गणित फारसं लागलंच नाही. म्हणूनच ती लढाई मला जास्त शिकवून जाते.

सीमेजवळचं खेमकरण शत्रूच्या हाती पडलं होतं. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या ४ माउंटन डिव्हिजनची सुरुवात वाईट झाली होती. काही पलटणी विस्कळीत झाल्या होत्या. समोरून पाकिस्तानची पहिली आर्मर्ड, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन येत होती. मागे हटून असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेसारखी अर्धगोल फळी धरायची ठरली, उघडी बाजू शत्रूकडे. कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. सप्टेंबरातला उस डोक्याच्या वर गेलेला, त्यात रणगाडे लपवले. आणि मग थांबले. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पॅटन त्या नालेत शिरत गेले, आणि चिखलात त्यांचा वेग संपला, उसात त्यांची लांबची नजर संपली. अंतर शेकड्यांच्या मीटरवर आलं. तिथे बेडूकडोळे असले काय, नसले काय.

म्हणजे ज्या दोन गोष्टींत पॅटन वरचढ होता, त्या दोन्ही खर्चच होणार नाहीत अशी जागा निवडली गेली. हेही कौशल्यच, आणि तेही तालमीतूनच येतं, पण ते तोफ चालवणाऱ्याचं नाही, जागा निवडणाऱ्याचं. ‘यंत्रामागचा माणूस’ म्हणताना आपण डोळ्यांसमोर एक शूर गनर आणतो. त्याच्यामागे नकाशावर बोट ठेवणारा माणूस असतो, तो विसरतो.

या फळीत ३ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन होते, आणि डेक्कन हॉर्स या दुसऱ्या रेजिमेंटचे शर्मन. शर्मन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं वाहन, पॅटनच्या मागच्या पिढीतलं. डेक्कन हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, अलिबागला जन्मलेले, पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले. १९६५ च्या कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं आणि १९७१ मध्ये दुसऱ्यांदा. मागच्या पिढीचे रणगाडे घेऊन पुढच्या पिढीच्या रणगाड्यांसमोर उभं राहायचं असेल तर एकच मार्ग उरतो: त्याला तुम्ही दिसण्याआधी तुम्हाला तो दिसला पाहिजे, त्याच्या कुशीत, जिथे चिलखत पातळ असतं तिथे, मारता आलं पाहिजे, आणि मारल्यावर हलता आलं पाहिजे.

याचं सर्वांत टोकाचं उदाहरण सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, पण त्यातला एक तपशील सहसा सुटतो. ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर तोफेने पॅटन फोडत गेले आणि १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. ते त्या वेळी हुद्द्याने कंपनीचे क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे भांडार सांभाळणारे. मग तोफेवर कसे? कारण त्याआधी पाच वर्षं त्यांनी रणगाडाविरोधी तुकडीत काढली होती आणि पलटणीत या तोफेवर त्यांच्याइतका नेम दुसऱ्याचा नव्हता.

त्या तोफेची अंतर मोजण्याची पद्धतही बघण्यासारखी आहे. मोठ्या नळीच्या अंगावर एक जाड गोळीची बंदूक बसवलेली असते. तिच्या गोळीचा मार्ग तोफेच्या गोळ्याशी जुळेल असाच ठेवलेला असतो. आधी गोळी मारायची. ती लागून चमकली की अंतर बरोबर, मग लगेच मोठी तोफ. भिंग नाही, गणक नाही. पण गोळा सुटला की मागून आगीचा आणि धुळीचा एवढा लोट निघतो की आसपासच्या सगळ्यांना तुमची जागा कळते. जीपला चिलखत नाही. म्हणजे गोळा मारून हलायचं, नवी जागा धरायची, पुन्हा मारायचं. हमीद यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात नेमकं हेच येतं: पहिला रणगाडा फोडला, जागा बदलली, दुसरा पेटवला. धाडस त्यात होतंच. पण कुठे जायचं, किती जवळ येऊ द्यायचं, किती सेकंद थांबायचं हे धाडसाने कळत नाही.

उलटी बाजू

इथपर्यंत वाचून छाती फुगली असेल तर जरा उत्तरेला, सियालकोटकडे चला. तेच युद्ध, तोच महिना. इथे भारताची पहिली आर्मर्ड डिव्हिजन, म्हणजे सेंच्युरियन, हल्ला करत होती आणि समोर पाकिस्तानचे पॅटन होते. ८ सप्टेंबरला पाकिस्तानच्या एकट्या २५ कॅव्हलरीने पसरून लढत ही चाल रोखली. पुढे सियालकोटजवळचं चाविंडा आपल्याला घेता आलंच नाही. तेच पॅटन, त्याच कारखान्यातले, तेच बेडूकडोळे. खेमकरणला जे अपयशी ठरलं ते यंत्र इथे पुरेसं ठरलं, कारण चालवणारे आणि हुकूम देणारे वेगळे होते.

याच आघाडीवर फिलोरा इथे आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटने पॅटनच्या तुकड्या मोडल्या. त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, मुंबईला जन्मलेले, पुण्यात शिकलेले. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांच्या मानपत्रात रेजिमेंटने सुमारे ६० रणगाडे फोडले आणि आपले ९ गमावले असा हिशेब आहे. म्हणजे एकाच आघाडीवर आठ-दहा दिवसांत पॅटन जिंकला, मग हरला, सेंच्युरियन अडला, मग फोडून गेला. यंत्राचं माहितीपत्रक तेवढ्या दिवसांत बदललं नव्हतं.

सेंच्युरियनचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती या सगळ्यांत सर्वांत उपयोगी वाटते, कारण तीत माणसंही तीच राहतात. १९६४ च्या नोव्हेंबरात इस्रायल-सीरिया सीमेवर इस्रायली सेंच्युरियननी सीरियाच्या जुन्या, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांवर डझनावारी गोळे झाडले. एकही रणगाडा लागला नाही. इस्रायली तुकड्यांत सेंच्युरियनबद्दल आधीच कुरकुर होती: फार नाजूक, इंजिन तापतं, आपला शर्मनच बरा. नुकतेच रणगाडा दलाचे प्रमुख झालेले इस्रायल ताल यांनी चौकशी केली तेव्हा दोष रणगाड्यात नव्हता. नळी आणि दुर्बीण एका रेषेत आणण्याची जी रोजची जुळवणी असते ती कुणी नीट करत नव्हतं, अंतराचे अंदाज सैल होते, देखभाल पुस्तकाप्रमाणे नव्हती. मोकळ्याढाकळ्या वागणुकीचा अभिमान असलेल्या त्या सैन्यात ताल यांनी पुस्तकाप्रमाणे काम करण्याची सक्ती केली. त्यावर बोंबाबोंबही झाली. काही महिन्यांत त्याच सीमेवर, तेच सेंच्युरियन कित्येक किलोमीटरवरची लक्ष्यं टिपू लागले, आणि १९६७ मध्ये हेच दल सिनाईत पसरलं. त्यात इस्रायलचे पॅटनही होते बरं का. तिकडे जॉर्डनकडेही पॅटन होते, ते हरले.

आणि हमीद यांच्या नेमापासून ताल यांच्या जुळवणीपर्यंत एक धागा आहे: कौशल्य हा शब्द ऐकला की आपल्याला हातातली जादू आठवते, प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग कंटाळवाणा असतो. रणगाड्यात चार माणसं असतात (पॅटनच्या एका जुन्या आवृत्तीत पाच). कमांडर बाहेर बघतो, लक्ष्य हेरतो, बुरूज तिकडे वळवायला सांगतो. गनर लक्ष्य दुर्बिणीत पकडतो. लोडर कोणता गोळा ते ऐकून अरुंद जागेत, हलत्या वाहनात, तो उचलून नळीत ढकलतो. ड्रायव्हर थांबतो, आणि मारल्याबरोबर न सांगता मागे घेतो. यात प्रत्येकाची नजर आपापल्या कामावर असते. कानातल्या आवाजावर सगळं चालतं. प्रत्येक टप्प्यावर दोन सेकंद वाया गेले तरी पहिला गोळा समोरचा मारतो, आणि रणगाड्यांच्या झुंजीत पहिला गोळा अचूक मारणारा बहुतेक वेळा जिंकतो. हे सेकंद कुठल्या कारखान्यात मिळत नाहीत. शेकडो वेळा तीच कवायत केली, तेव्हा ते एकेक करून गळतात.

एकच विमान, दोन दलं

यावर एखादा चिकित्सक वाचक म्हणेल: इस्रायल, पंजाब, चाविंडा, प्रत्येक ठिकाणी जागा वेगळी, सेनापती वेगळे. कौशल्याचाच परिणाम कशावरून? बरोबर आहे. प्रयोगशाळेत जसं एकच गोष्ट बदलून बघतात तसं युद्धात करता येत नाही. त्याच्या जवळ जाणारा एक प्रसंग मात्र आहे.

व्हिएतनामवर अमेरिकेची दोन दलं लढत होती, हवाई दल आणि नौदल. दोघांकडे फँटम हेच विमान, समोर मिगच. फँटम बनवताना असं धरलं होतं की आता विमानं क्षेपणास्त्रांनी लांबून लढतील, म्हणून त्यात तोफच ठेवली नव्हती. प्रत्यक्षात डागलेल्या दहा क्षेपणास्त्रांतलं जेमतेम एक लागत होतं. १९६८ पर्यंत दोन्ही दलांचा हिशेब असा की आपलं एक विमान गमावून मिगची दोन-अडीच पाडायची. एवढ्या महागड्या विमानाला हे शोभणारं नव्हतं.

मग दोघांनी दोन वेगळे रस्ते धरले. हवाई दलाने मुख्यतः यंत्र सुधारलं. फँटममध्ये तोफ बसवली, क्षेपणास्त्रं बदलली. नौदलाच्या कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी आपल्या अहवालात क्षेपणास्त्रांच्या दोषांबरोबर हेही मांडलं की वैमानिकांना जवळची झुंज येतच नाही. मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर टॉपगन शाळा निघाली. तिथे मिगसारखी लहान, चपळ विमानं शत्रू बनून उडायची. फँटमचा वैमानिक फँटमशी लढून काय शिकणार, हा साधा विचार. रोज हरायचं, उतरल्यावर फळ्यापुढे बसून कुठे चुकलो ते मिनिटामिनिटाने उलगडायचं, उद्या परत. लढाई पुन्हा पेटली तेव्हा, १९७२-७३ मध्ये, नौदलाचा हिशेब एकास बाराच्या वर गेला. हवाई दलाचा जवळपास होता तिथेच राहिला.

हा प्रयोगही स्वच्छ नाही. नौदलाने आपली क्षेपणास्त्रंही सुधारली होती, दोघांचे लढण्याचे भाग वेगळे होते, आणि आकडे लहान असले की प्रमाण पटकन मोठं दिसतं. तरी एवढा फरक नुसत्या योगायोगावर टाकता येत नाही. हवाई दलालाही तो पटला असावा, कारण १९७५ पासून त्यांनीही नेवाडाच्या वाळवंटात तसाच सराव सुरू केला.

मग यंत्राला काहीच किंमत नाही?

आहे. भरपूर आहे. आणि इथे सोपं वाक्य मोडतं.

२६ फेब्रुवारी १९९१, इराकचं वाळवंट, वाळूचं वादळ. अमेरिकेच्या एका कॅव्हलरी तुकडीचे नऊ एम-१ रणगाडे आणि बरोबरची चिलखती वाहनं इराकच्या तवकल्ना डिव्हिजनवर अचानक जाऊन आदळली. २३ मिनिटांत इराकचे २८ रणगाडे जळत होते. तुकडीचं एकही वाहन गेलं नाही. नकाशावरच्या रेघेवरून या लढाईला ‘७३ ईस्टिंग’ म्हणतात. अमेरिकी रणगाड्यांत उष्णता पाहणाऱ्या दुर्बिणी होत्या, त्यांना वादळातून दिसत होतं, इराकींना नाही. सरळ यंत्राचा विजय, असंच त्या वेळी सगळ्यांनी म्हटलं.

स्टीफन बिडल या अमेरिकी अभ्यासकाने १९९६ साली या निकालाची उलटतपासणी मांडली. ही लढाई संगणकावर बारीकसारीक तपशिलांसह उभी केलेली होती, आणि त्यात एकेक गोष्ट बदलून बघता येत होती. इराकींनी रणगाडे जमिनीत खोल पुरण्याऐवजी त्यांच्यापुढे वाळूचे ढीग रचले होते. सुट्या वाळूने गोळा अडत नाही, उलट ढीग लांबून दिसतो आणि इथे रणगाडा आहे हे सांगतो. पुढच्या चौक्यांनी वेळेवर खबर दिली नव्हती. असे दोष दुरुस्त करून, यंत्रं तीच ठेवून लढाई पुन्हा चालवली, की अमेरिकेचं नुकसान खूप वाढायचं. आणि इराकी चुका तशाच ठेवून उष्णतेच्या दुर्बिणी काढून घेतल्या, तरीही वाढायचं.

म्हणजे हा बेरजेचा मामला नाही, गुणाकाराचा आहे. चांगलं यंत्र समोरच्याच्या चुकीची शिक्षा कैकपटीने वाढवतं. समोरच्याने चूकच केली नाही तर त्या यंत्राला चावायला काही मिळत नाही. आणि यंत्र जितकं तिखट, तितका न शिकलेल्याला शिकलेल्याशी लढणं महाग पडतं. नवी यंत्रं आली की कौशल्याची गरज कमी होईल असं आपल्याला वाटत राहतं. पॅटन बनवणाऱ्यांनाही तसंच वाटलं असणार: नजरेचा अंदाज नको म्हणून यंत्र आणलं, आणि त्या यंत्राने जास्त तयार नजर मागितली.

गुणाकारात एक बाजू शून्याजवळ असली की दुसरी कितीही मोठी करून भागत नाही, हे दोन्हीकडून लागू आहे. हमीद यांच्या हातात १०६ मिलिमीटरच्या तोफेऐवजी साधी रायफल असती तर पाच वर्षांच्या सरावाचं पॅटनपुढे काहीच झालं नसतं. ती तोफ स्वस्त होती, उघडी होती, पण पॅटनच्या चिलखतातून जाण्याइतकी होती. तेवढा उंबरठा ओलांडणारं यंत्र हवंच. त्यापलीकडच्या प्रत्येक रुपयाला मात्र विचारावं लागतं की हा दुर्बिणीवर घालायचा की सरावाच्या गोळ्यांवर. सरावाचा गोळा एकदा उडाला की संपला. त्याचा फोटो निघत नाही, संचलनात तो मिरवता येत नाही. त्यामुळे जगभर कुठेही खर्चाला कात्री लागली की ती आधी तिथे लागते.

पाहुण्यांना हे सगळं मी पॅटनच्या सावलीत सांगायला जातो आणि पाचव्या मिनिटाला पोरं शर्मनकडे पळतात. नगरपासून जवळच खारे कर्जुन्याचं के. के. रेंज आहे. रणगाड्यांचा गोळीबाराचा सराव तिथे चालतो. वारा इकडचा असला की दूरवर दबका धडाका ऐकू येतो आणि जुन्या घरांच्या तावदानांना हलकी थरथर येते. पाहुणे दचकून विचारतात, काय झालं? नगरकर चहाचा कप खाली न ठेवता म्हणतो, काही नाही, रेंज चालू आहे.